डब्यातले सात दाणे

अफरीन रविवारी सकाळी आठ वाजता भुकूमला आली, तेव्हा हेमलताबाई गॅलरीत शेंगा सोलत बसल्या होत्या आणि त्यांचे धाकटे दीर चंद्रकांत आरामखुर्चीत दुसऱ्यांदा झोपले होते. पहिली झोप ते रात्री घेत. दुसरी चहानंतर.

चैत्र लागला होता. मुळशीकडच्या खाचरांत भाताच्या रोपांसाठी राब भाजायला सुरुवात झाली होती. शेणी, पालापाचोळा, वर मातीचा थर, आणि खालून दिवसभर धुमसणारा विस्तव. तो धूर पहाटे खाली उतरे आणि डोंगर, रस्ता, नव्या सोसायट्यांचे मजले सगळं पुसट करून टाकी. त्या पुसट रस्त्यावरून एक तरुण बाई सावकाश चालत आली. पोटाने जड होती. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता.

"हरवलेलं शोधणाऱ्या बाई हितंच राहत्यात ना?"

"इथंच. आधी बस. भावोजी, उठा, खुर्ची द्या."

चंद्रकांत उठले खरे, पण पूर्ण जागे व्हायला त्यांना आणखी दहा मिनिटं लागली. हेमलताबाईंनी बावीस वर्षं जमिनीच्या नोंदींच्या कचेरीत काढली होती. मग नोकरी सोडून त्यांनी खासगी तपासाचं काम सुरू केलं. आधी लोक बांध आणि वारस शोधायला येत, पुढे काहीही हरवलं की येऊ लागले. चंद्रकांत त्यांची गाडी चालवत आणि प्रत्येक प्रकरणात चुकीच्या माणसाला गुन्हेगार ठरवत. दोन्ही कामं ते मनापासून करत.

"माझ्या मालकांना काल चौकीत बसवून घेतलंय," अफरीन म्हणाली. "आज पाचला गाडी येणार. त्यात घालून आधी पुण्याला आन् मग थेट बॉर्डरवर नेणार. म्हणत्यात, बांगलादेशी हाय. ताई, ते मालद्याचे हायेत. आपल्या देशातल्या बंगालचे."

तिचं माहेर पौडचं, बापाचं बाजारात दुकान. नवरा रेजाउल महाळुंग्याच्या नव्या इमारतींत फरशी बसवतो. दोन वर्षांपूर्वी लग्न झालं, तेव्हापासून घोटावड्याजवळच्या वस्तीत कुशाबाच्या घरामागच्या खोलीत दोघं भाड्याने राहतात.

"शुक्रवारी दुपारी पोलीस पाटील वस्तीत आले. बाहेरच्या लोकांनी दुसऱ्या दिवशी मूळ कागद घेऊन चौकीत यायचं, असं सांगून गेले. मी दवाखान्यात तपासायला गेलेली, हे कामावर. खोलीची किल्ली घरमालकीण धोंडाबाई आजीकडं, रोजच्यासारखी. संध्याकाळी येऊन डबा उघडला, तर कागद न्हाईत."

"कोणते कागद?"

"ह्यांचा जन्मदाखला. आन् ह्यांच्या आज्याचं जमिनीचं खरेदीखत, जुनं, स्टॅम्पावरलं. तेवढे दोनच गेले."

हेमलताबाईंनी डबा उघडला. झाकण घट्ट होतं, नखाने उचकटावं लागलं. आत आधार कार्ड, पॅन कार्ड, निकाहनाम्याची प्रत आणि पुडीत बांधलेले सोन्याचे डूल.

"डूल नेले नाहीत," चंद्रकांत म्हणाले. "म्हणजे चोर मूर्ख होता."

"किंवा चोर नव्हता," हेमलताबाई म्हणाल्या. त्यांनी डबा तिरका केला. तळाशी काहीतरी सरकलं. सालासकट भाताचे दाणे, मोजून सात.

"उंदीर असंल," अफरीन म्हणाली.

"उंदीरच," चंद्रकांतांनी अनुमोदन दिलं.

"झाकण उघडून, दाणे ठेवून, झाकण परत घट्ट लावून गेलेला उंदीर," हेमलताबाई म्हणाल्या. त्यांनी एक दाणा नखाने सोलून हुंगला. जुन्या आंबेमोहराचा मंद वास आला. सातांतले उरलेले सहा त्यांनी कागदाच्या पुडीत बांधले. "तुला कुणाचा संशय येतो?"

अफरीनने डब्याचं झाकण परत लावलं. मग खाली बघत म्हणाली, "माझ्या भावाचा. साबीरचा. त्याला हे लग्न नको होतं."

*

चौकीच्या बाहेरच्या बाकावर साबीर बसला होता. मांडीवर जेवणाचा डबा होता. बहिणीला पाहून तो उठला, आणि तिने तोंड फिरवल्यावर परत बसला.

"व्हय, लग्नाला माझा इरोध होता," तो हेमलताबाईंना म्हणाला. "दूरचा मानूस, कोन पावना कोन रावळा काय म्हाईत न्हाई. पर आता बहिणीचा नवरा हाय त्यो. शुक्रवारी पाटलाचं कळलं तसा मी तीनच्या सुमाराला वस्तीवर गेलो. कागदांचे झेरॉक्स काढून ठिवावेत म्हनलं, दुकानात मशीन हाय माझ्या. खोलीला कुलूप. धोंडाबाईला किल्ली मागितली, तर म्हनाली, माज्याकडं न्हाई. तसाच परत आलो."

"नक्की असं म्हणाली?"

"दारातच उभी व्हती. आत या बी म्हनली न्हाई. येरवी पानी पिल्याबिगर सोडत न्हाई म्हातारी."

आत फौजदार गौतमी टेबलाशी बसली होती. तिशीची, डोळ्यांखाली काळं, समोर नावांची यादी. हेमलताबाईंना ती ओळखत होती.

"ताई, माझ्याकडं नऊ माणसं आणि बत्तीस गावं," ती म्हणाली. "चोऱ्या, दारू, बांधावरून डोकी फुटलेली. त्यात आता माणूस कुठल्या देशाचा तेही मीच ओळखायचं. मालद्याचा आणि सरहद्दीपलीकडचा, दोघं म्हणे सारखंच बोलतात. मी कशावरून ओळखू? मागच्या महिन्यात वीटभट्टीवरच्या एका बाईला नवऱ्यानं अर्धमेली केली. ती चौकीची पायरी चढली नाही. म्हणे, पोलीस आधी कागद मागतील."

"मग वर तसं सांगत का नाहीस?"

"वरचे म्हणतात, गावातला माणूस गावच्या पोलिसालाच ठाऊक असणार, दिल्लीत बसलेल्याला काय कळणार? तेही अगदीच खोटं नाही. गेल्या वर्षी खोट्या कागदांवर राहणारे तिघं खरंच सापडले होते." तिने यादीवर हात ठेवला. "आधारवर भागत नाही. मूळ कागद आणा. गाडी थांबवणं माझ्या हातात आहे. पण ती कशाच्या जोरावर थांबवू, तेवढं मला द्या."

रेजाउल मागच्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता. बोटांना अजून सिमेंट होतं.

"आज्यानं मरताना मला त्यो कागद दाखवलेला," तो म्हणाला. "म्हनला, ह्यो हाय तवर आपन हाय. आता त्योच न्हाई, मॅडम."

गाडीत बसताना चंद्रकांत म्हणाले, "वहिनी, हा तर अगदी इथल्यासारखं बोलतो."

"बायकोकडून शिकलाय," हेमलताबाई म्हणाल्या. "भाषा बायकोची, कागद आज्याचे. बिचाऱ्याचं स्वतःचं असं त्या चौकीत काहीच नाही."

*

वस्तीच्या तोंडाशी, देवळाच्या पारावर गेणबा बसले होते. गावचे पोलीस पाटील. म्हणजे पोलीस नव्हेत आणि पाटीलही नावापुरते. पण गावात कोण आलं, कोण गेलं, ते चौकीला कळवायचं काम त्यांचं. हेमलताबाईंना पाहून त्यांनी टोपी काढली आणि परत घातली.

"नाव मीच दिलं," विचारायच्या आधीच ते म्हणाले. "खोटं कशापायी बोलू? यादी मागितली व्हती. रिकामी यादी दिली की म्हनत्यात, पाटील झोपा काढतोय. म्हनून परमुलखातला म्हनून ह्याचं नाव घातलं. वाटलं, कागद दावंल आन् सुटंल. माज्याच घरची फरशी बसवलीया त्या पोरानं, बाई. रोज पाय पडतो तिच्यावर."

"कागदांचं तुम्ही कुणाला सांगितलंत?"

"कुशाबाच्या पडवीत च्या घेताना बोललो. म्हातारा व्हता, म्हातारी व्हती. अमोल खाचरावर निघाला व्हता. म्हनलं, भाडेकरूला सांगा, आदार-बिदार नको, जुना मूळ कागद चौकीत जमा करायचा. एवढंच. मग फुडच्या आळीला गेलो."

"म्हणजे कोणता कागद महत्त्वाचा, ते त्या चौघांना ठाऊक होतं," चंद्रकांत कुजबुजले. "गेणबा धरून चौघं. आणि पाचवा साबीर."

"मोजता छान येतं तुम्हाला," हेमलताबाई म्हणाल्या.

कुशाबाचा मुलगा अमोल खाचरात होता. राब धुमसत होता आणि धुरात अमोल कंबरेपासून वरच दिसत होता. कागद जळाला असेल तर इथंच, अशा विचाराने चंद्रकांत राखेच्या कडेने काठीने उकरत हिंडू लागले.

"गावात म्हणतात, खोल्या पाडून बिल्डिंग बांधायची आहे ना तुला?" हेमलताबाईंनी विचारलं.

"व्हय, बांधायची हाय. पर त्यासाठी पोलीस घरात कोन आनंल?" अमोल चिडून म्हणाला. "भाडेकरू परदेशी निघाला तर पयला गुन्हा मालकावर. खोली माज्या नावावर हाय. त्याचे कागद खरे निघावेत म्हनून मीच नवस बोललोय."

"ह्या राबावर पेरायचं बी घरचंच का?"

"घरचंच. आंबेमोहर. बाकी समदं भात माघातच गिरणीला गेलं, तांदूळ होऊन डरमात पडलंय. आता बी सोडून सालाचा दाना घरात दावायला मिळनार न्हाई."

"आणि बी कधी काढता?"

"पेरणीच्या दिशी. आय नारळ फोडती, मग उगडती. त्याच्या आदी तिथं माजी बी छाती न्हाई हात लावायची."

हेमलताबाईंनी मान डोलावली. काठीला राख लावून आलेल्या चंद्रकांतांना घेऊन त्या घराकडे वळल्या.

*

दुपार चढली होती. वस्ती पेंगत होती. धुराचा एक पातळ पडदा कौलांवर टेकला होता आणि कोंबड्यासुद्धा हळू चालत होत्या. पडवीत बाजेवर कुशाबा पडले होते, ऐंशी पार केलेले, डोळे अर्धे मिटलेले.

"कोन, सरकारी हायेत का?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. आता नाही."

"मग बसा. आमचं गाव धरणाच्या पान्याखाली हाय. माज्या जन्माआदीच बुडालं, मग मानसं हितं आली. उनाळ्यात पानी खाली गेलं की देवळाचा दगुड दिसतो. सपनात मी त्या गल्लीतनं चालतो. वर पानी असतं, पर अंगाला लागत न्हाई. आज्याच्या घराचं दार उगडं असतं. आजा आपला कागद शोधत बसल्याला असतो. दिला व्हता ना त्यानं, तपासायला. पोच बी न्हाई दिली त्याला."

"कुणी?"

"कोन व्हतं ते कोन सांगनार? कागद गेला, मग गाव गेलं." एवढं बोलून कुशाबा परत डोळे मिटून त्या गल्लीत निघून गेले. चंद्रकांतांना त्यांचा हेवा वाटला.

धोंडाबाई बाहेर आल्या. वाळलेल्या, ताठ, पदर घट्ट खोचलेला. अफरीनला पाहून त्यांचा चेहरा हलला. त्या आत गेल्या आणि एक स्टीलचा डबा घेऊन आल्या.

"तुजा खिरीचा डबा. परवापास्नं पडलाय." अफरीनने झाकण उघडलं. आत गुळाचा खडा होता. "रिकामा देऊ न्हाई," म्हातारी म्हणाली. "आन् काय तरी खा. पोटातल्यासाठी तरी."

"आजी, ते आज पाचला त्यांना नेणार."

"न्हेत न्हाईत," धोंडाबाई ठामपणे म्हणाल्या.

हेमलताबाईंनी पाणी मागितलं आणि ते घ्यायला त्या मागोमाग माजघरात गेल्या. आत अंधार आणि गारवा होता. प्लास्टिकच्या पिंपाशेजारी बियाण्याची कणगी उभी होती, बांबूची विणलेली, पुरुषभर उंचीची, वरपासून खालपर्यंत शेणाने लिंपलेली. पोटावर कुंकवाची पाच बोटं, मार्गशीर्षात लावलेली. लिंपण वाळून राखाडी झालं होतं, त्याला बारीक भेगा पडल्या होत्या. खाली, बी काढायच्या तोंडाशी मात्र हातभर जागा हिरवट होती. तिथं भेग नव्हती. बोटांचे अर्धगोल स्पष्ट दिसत होते.

"उंदरानं कुरतडलं व्हतं," धोंडाबाई म्हणाल्या आणि त्या जागेला पाठ लावून बसल्या.

हेमलताबाई पाणी प्यायल्या आणि त्यांनी रिकामा तांब्या परत केला.

*

करंजाच्या झाडाखाली त्या अर्धा तास बसल्या. चंद्रकांतांनी तिसरी झोप काढली. उठले ते निकाल घेऊनच.

"वहिनी, अमोल! कागद राबात जाळले. भाडेकरू गेला की खोली मोकळी, खोली मोकळी की बिल्डिंग."

"आणि दाणे?"

"दाणे... दाण्यांचं मी अजून बघितलेलं नाही."

"मी फक्त तेवढंच बघितलं. तीन वाजले, भावोजी. सगळ्यांना पडवीत बोलवा. साबीरलाही चौकीवरून घेऊन या."

चारला सगळे जमले. कुशाबा बाजेवर, अमोल खांबाला टेकून, गेणबा टोपी हातात घेऊन, साबीर पायरीवर, अफरीन त्याच्यापासून दूर. धोंडाबाई आतच राहिल्या, उंबऱ्याच्या पलीकडे, कणगीला टेकून. दिसत होत्या आणि ऐकत होत्या.

"इथं दोन प्रश्न होते," हेमलताबाई म्हणाल्या. "नाव कुणी दिलं आणि कागद कुणी नेले. अफरीनला वाटलं, दोन्ही एकाच वैऱ्याचं काम. पण नाव गेणबांनी दिलं, आणि ते वैरी नाहीत. यादी भरायची होती, म्हणून भरली."

गेणबांनी टोपी चुरगाळली.

"आता कागद. वाईट चिंतणाऱ्यानं सगळा डबा उचलला असता. चोरानं डूल नेले असते. इथं चकचकीत कार्डं राहिली, सोनं राहिलं, आणि जुने मऊ घडीचे दोन कागद गेले. नेणाऱ्यानं डबा परत जागेवर ठेवला, झाकण घट्ट लावलं, आणि आत सात दाणे ठेवले. भावोजींच्या उंदरानं नव्हे, माणसानं.

"चैत्रात सालाचा दाणा कुणाच्या घरी असतो? अमोल म्हणाला, भात माघातच गिरणीला गेलं. उरतं ते बी. आणि हे बी आंबेमोहराचं आहे, इथल्याच राबावर पडणारं. पण बियाण्याची कणगी पेरणीआधी उघडत नाहीत. अमोलची छाती नाही, कुशाबांच्या अंगात उभं राहायचं बळ नाही. गेणबा दुसऱ्या आळीला गेले, आणि परक्या घरच्या माजघरात शिरून कणगी फोडून परत लिंपेल असा पाहुणा मी तरी पाहिला नाही. तरी कणगीचं तोंड नव्यानं लिंपलंय. ती उघडायचा हक्क एकाच बाईला आहे."

अमोल खांबापासून सरळ झाला. "आय?"

"साबीर किल्ली मागायला आला, तेव्हा तिनं किल्ली नाही म्हणून सांगितलं. अफरीन तर किल्ली तिच्याकडेच देऊन गेली होती. येणाऱ्याला पाणी पाजल्याशिवाय न सोडणारी बाई त्या दिवशी दार अडवून उभी राहिली, कारण डबा तेव्हा माजघरात कणगीपाशी उघडा होता. आणि दाणे का? मघाशी तिनं अफरीनचा खिरीचा डबा परत दिला, तर त्यात गूळ होता. ज्यातून काही काढलं ते रिकामं परत द्यायचं नाही. आयुष्यभराची सवय. कागद काढले आणि हातात जे होतं ते आत टाकलं. तिला स्वतःलाही ते आठवत नसेल."

माजघरात धोंडाबाईंनी पदर आणखी घट्ट खोचला.

"फक्त का, ते राहिलं. गेणबांनी एक शब्द उच्चारला होता. जमा. मूळ कागद जमा करायचा. कुशाबांच्या आज्यानं तसाच कागद तपासायला दिला होता. पोच मिळाली नाही. गाव पाण्याखाली गेलं. ह्या घरात सून म्हणून आलेल्या बाईला सासूनं पहिली गोष्ट कोणती सांगितली असेल?"

"खाकीवाला आला की कागद बियात," धोंडाबाई आतून म्हणाल्या. आवाज शांत होता. "सासूनं सांगितलेलं. बियाला कोन हात लावत न्हाई."

अफरीन उठली. "आजी, मी दोन रात्री रडतेय. तुमी माझ्या शेजारी बसून माझं डोकं चेपत होता! आन् कागद तुमच्याजवळ?"

"रडू दे म्हनलं. रडून मानूस जात न्हाई. कागद दिला की जातो." म्हातारीने कणगीवर पाठ आणखी दाबली. "जवर कागद त्यांच्या हाती न्हाई, तवर त्ये काय बी करू शकत न्हाईत. मी न्हाई देनार. तू पोर हायेस, तुला ठावं न्हाई."

हेमलताबाई उंबरा ओलांडून आत गेल्या आणि तिच्यासमोर जमिनीवर बसल्या.

"आजी, बावीस वर्षं मी त्या टेबलापलीकडं बसत होते. लोकांनी विश्वासानं दिलेले किती कागद हरवले, ते मला ठाऊक आहे. तुमची सासू खोटं बोलली नाही. पण तेव्हा त्यांना जमीन हवी होती, म्हणून कागद हवा होता. आज ते माणूसच नेतायत, आणि नेतायत ते कागद नाही म्हणून. तुमच्या घरचा कागद गेला आणि गाव गेलं. इथं कागद दडलाय आणि पोराचा बाप चाललाय. पाऊण तासानं."

धोंडाबाईंनी हेमलताबाईंकडे पाहिलं, मग अफरीनच्या पोटाकडे. हे सगळं त्यांच्या डोक्यात उलटं व्हायला वेळ लागला. चेहऱ्यावर आधी राग आला, मग भीती. ती भीती पाहवत नव्हती.

"म्या... म्या धाडलं त्याला?"

"नाही. तुम्ही त्याच्यासाठी बियाला हात लावलात. आता परत लावा."

"फौजदारीन ठिवून घिल त्यो कागद."

"मग तुम्ही सोडू नका. घेऊन तुम्हीच चला."

अफरीनच आत आली. तांब्यातलं पाणी ओंजळीत घेऊन तिने ते हिरवट लिंपण भिजवलं. धोंडाबाईंनी नखांनी ते सोडवलं. सोनेरी दाण्यांचा लोट बाहेर आला, आंबेमोहराचा वास माजघरभर झाला, आणि त्यातून फडक्यात गुंडाळलेली एक सुरळी निघाली. ओटीत मूठभर बी सांडलं होतं, ते तसंच खोचून म्हातारी उठली.

"बी उगवंल का, आता?" तिने कुणाला तरी विचारलं.

"उगवंल," बाजेवरून कुशाबा म्हणाले. डोळे मिटलेलेच होते.

*

पाचला दहा मिनिटं कमी असताना चंद्रकांतांनी गाडी चौकीसमोर लावली. ती त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच जोरात चालवली होती. मोठी निळी गाडी आधीच येऊन उभी होती.

धोंडाबाई सरळ टेबलाशी गेल्या. त्यांनी कागद पसरले, आणि एक कोपरा आपल्या मुठीत धरला.

"वाच," त्या गौतमीला म्हणाल्या. "पर ह्यो हात मी सोडनार न्हाई."

गौतमीने एकदा हेमलताबाईंकडे पाहिलं आणि वाकून वाचायला लागली. जन्मदाखला इंग्रजीत होता: नाव, बापाचं नाव, गाव, जिल्हा मालदा. खरेदीखत बंगालीत होतं, पण वर भारताचा स्टॅम्प होता आणि खाली जिल्ह्याच्या नोंदणीचा उठावाचा शिक्का. हेमलताबाईंनी त्यावरून अंगठा फिरवला आणि मान हलवली. अंगठ्याला खरा शिक्का कळतो, ती त्यांची जुनी कला. म्हातारीची मूठ कोपऱ्यावर तशीच होती.

गौतमीने दोन्ही कागदांचे फोटो काढले. फोनवर चार वाक्यं बोलली, त्यातलं एक जरा मोठ्याने. मग बसून लिहिलं: मूळ कागद समक्ष पाहिले, जागेवरच परत केले, सदर इसमास पाठवण्याचं कारण नाही. सही केली. मग दुसऱ्या कागदावर तेच लिहून तो धोंडाबाईंपुढे धरला.

"ही पोच, आजी."

"पोच?" म्हातारीने तो कागद हातात घेतला. तिला वाचता येत नव्हतं. तरी तिने तो वरपासून खालपर्यंत पाहिला, आणि तिच्या डोळ्यांना पाणी आलं. शंभर वर्षांनी तिच्या घरात एक पोच आली होती.

रेजाउल दारात आला. अफरीन त्याच्यापाशी गेली. साबीर मागे उभा होता, हातात अजून तोच जेवणाचा डबा. अफरीनने हात पुढे केला आणि तो डबा भावाकडून घेतला.

बाहेर निळी गाडी सुरू झाली. ती त्याच्याशिवाय निघाली. धुरात तिचा मागचा लाल दिवा थोडा वेळ दिसला.

धोंडाबाईंनी कागदांची सुरळी करून फडक्यात बांधली. टेबलावर जिथं ते कागद पसरले होते, तिथं आता काहीच नव्हतं. त्या क्षणभर थांबल्या. मग ओटीतून चिमूटभर बी काढून त्यांनी तिथं ठेवलं.

"जागा रिकामी ठिवू न्हाई," त्या म्हणाल्या.

गौतमीने नावांची यादी बाजूला सरकवली आणि दाणे तिथंच राहू दिले.